खो मिळेपर्यंत उठायचं नाही!

धुकं, गरमागरम कॉफी आणि मोबाइलला जेमतेम रेंज. वीकएण्डला आणखी काय हवं, बॉस? एवढाच हिशेब करून मी परतवाड्याहून घाट चढणारी एसटी पकडली आणि चिखलदरा गाठलं. खरं सांगायचं तर पळूनच आले होते. तिघींनी मिळून केलेली एक स्टोरी मी एकटीच्या नावावर छापून आणली होती आणि त्या दोघी आता माझा फोन घेत नव्हत्या.

भीमकुंडाच्या वाटेवर मोकळ्या जागेत पोरं खो-खो खेळत होती. काठीने ओढलेल्या रेषा, दोन टोकांना दोन बांबू. आपापसात कोरकू, माझ्याशी वऱ्हाडी. एक गडी कमी पडत होता.

'खेळतं काय वं ताई?'

बसले!

शाळेतला खो-खो आठवतोय ना? आठ जण ओळीत बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. धावणारा नववा. त्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधून जायचं नाही. समोरचा मात्र कुठूनही सटकणार. म्हणजे एकट्याने पकडणं महाकठीण. खो द्यावाच लागतो.

मला खो मिळाला आणि मी सुसाट. पुढे दहा-अकरा वर्षांची चिमुरडी. आता लागलीच हाताला... तर ती ओळीतून पलीकडे! मी खांबाला वळसा घालून पुन्हा मागे. ती पुन्हा पलीकडे. शेवटी ओळीतून आवाज आला, 'खो दे ना वं! आमी काय नुसते बसाले आलो काय?'

वाक्य बरोब्बर लागलं. मी मुकाट खो दिला. त्या पोराने चार पावलांत तिला बाद केलं आणि ओरडले मात्र सगळे.

नंतर मी बघतच राहिले. एक जण खो मिळायच्या आधीच उठला, तर शेजाऱ्यानेच त्याला खाली बसवलं. पंच नव्हताच. बाद झालेली मुलगी कुरकुर न करता बाहेर गेली आणि आपल्या गड्यांना ओरडून सावध करू लागली. आपण अप्रेझलनंतर आठवडाभर तोंड फुगवून बसतो!

या मातीला खेळ नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे.

संध्याकाळी रेंज मिळाली तशी आधी संपादकांना मेल केला: पुढच्या अंकात तिघींची नावं द्या, चूक माझी. मग फोन लावले. पहिलीने कट केला. दुसरीने उचलला, पण बराच वेळ काही बोललीच नाही.

मीही घाई केली नाही. आता बसून राहायची पाळी माझी होती.