धैंचा जमीन धुतो, पण पाण्याला वाट हवी



कृष्णा, वारणा, पंचगंगा, नीरा या नद्यांच्या काठच्या बागायतीत पाणी आले, ऊस आला आणि मागोमाग क्षारही वर आले. गावोगाव आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो, "धैंचा केला की रान सुधारेल का?" सुधारेल. पण कसे, ते नीट समजून घ्यावे.

आधी माती तपासा. क्षारता 4 च्या वर आणि सामू 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला निचरा आणि गोडे पाणी पुरते, जिप्सम लागत नाही. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. ओली झाली की चिखल, वाळली की दगड! धैंच्याचे खरे काम इथे आहे.

पुष्कळांना वाटते, धैंचा मीठ शोषून घेतो. तसे नाही. पिकाबरोबर निघणारे मीठ अगदी थोडे असते. मुळांच्या श्वासातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साईड ओलाव्यात मिसळून सौम्य आम्ल होते. त्याने आपल्या काळ्या रानातली चुनखडी विरघळते. तिच्यातले कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेते. मुळांनी जमीन पोकळ होते, पाणी खाली मुरते. म्हणूनच धैंचा रानात गाडला तरी चालतो. शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंनी बिघडलेल्या जमिनीत मात्र मोहरीसारखे पीक लावले तर ते उपटून बाहेरच न्यावे लागते, जनावरांनाही घालायचे नसते.

पण सुटलेला सोडियम जाणार कुठे? चर नसेल तर तो तिथेच राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. मग बियाणे, नांगरट, सगळा खर्च वाया.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम चर काढा. माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम वरच्या थरात मिसळा. बांध घालून पाणी मुरवा. जूनमध्ये एकरी 16 ते 20 किलो धैंचा पेरा. 45 ते 50 दिवसांनी, फुलावर येण्याआधी गाडा. ऑक्टोबरची पूर्वहंगामी लागण चुकत नाही. ताग पाणथळ रानात टिकत नाही, धैंचा टिकतो. एका वर्षात रान पूर्ववत होईल असे मात्र समजू नये. पुढेही ऊसाला बेताचेच पाणी पाजा.

शेवटचे आणि महत्त्वाचे. एकट्याच्या चराला तोंड मिळत नाही. ओढ्यापर्यंत जायचे तर शेजाऱ्याच्या बांधातून जावे लागते. वरच्याचे जादा पाणी खालच्याचे रान बिघडवते, आणि खालच्याने वाट अडवली की वरच्याचेही बिघडते. बांधाचे भांडण बाजूला ठेवून एका शिवारातल्या सभासदांनी मिळून चर काढावा. रान राहिले तर ऊस, ऊस राहिला तर कारखाना.

— ऊस विकास अधिकारी