दोन कोटींचा शार्दूल : सौदा परवडला का?

फुटबॉलचा हंगाम जवळ आला की मंगळवार पेठेत एकच विषय. यंदा कोण कुठल्या तालमीकडून नोंदणी करणार? गेल्या वर्षी फॉर्म गेलेला पोरगा ठेवायचा की सोडायचा? आयपीएलमध्ये हाच हिशेब कोटींत होतो. त्यासाठी शार्दूल ठाकूरपेक्षा भारी उदाहरण शोधून सापडणार नाही.

पालघरच्या या पठ्ठ्याचा भाव कसा घसरला बघा. २०२२ च्या लिलावात दिल्लीनं १०.७५ कोटी मोजले. हंगाम संपल्यावर त्याच किमतीत ट्रेड होऊन तो कोलकात्याकडे गेला. २०२४ साठी चेन्नईनं ४ कोटी दिले. ९ सामन्यांत विकेट्स आल्या फक्त ५. नोव्हेंबर २०२४ च्या मेगा लिलावात मूळ किंमत २ कोटी होती, पण एकाही संघानं बोली लावली नाही.

कुणी घेतलं नाही म्हणून गडी घरी बसला नाही. रणजीत मुंबईकडून त्या मोसमात ३५ विकेट्स आणि ५०५ धावा काढल्या. जम्मू-काश्मीरविरुद्ध बाकीचे ढेपाळले तेव्हा यानं ११९ ठोकल्या. मार्च २०२५ मध्ये मोहसीन खान जखमी झाला आणि लखनौनं बदली म्हणून याला २ कोटींत घेतलं. हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी! पुढं मात्र धार कमी झाली. १० सामन्यांत १३ विकेट्स, पण षटकामागे धावा ११ च्या वर.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सनं त्याला त्याच २ कोटींत ट्रेडनं घेतलं. ट्रेडला खेळाडूची संमती लागते, बोली मात्र लागत नाही. म्हणजे किंमत आधीच पक्की. १६ डिसेंबर २०२५ च्या लिलावाला मुंबईच्या खिशात उरले होते जेमतेम २.७५ कोटी आणि जागा भरायच्या होत्या ५. तिथं अनुभवी भारतीय वेगवान गोलंदाजासाठी बोली चढली असती, तर हात आखडता घ्यावा लागला असता. याच संघात तेव्हा दीपक चहरची किंमत ९.२५ कोटी होती, हेही ध्यानात घ्या.

अर्थात धोका आहेच. ट्रेडच्या वेळी वय ३४, आणि वानखेडेवर चेंडू जरा चुकला की थेट स्टँडमध्ये. म्हणून चारही षटकं त्याच्या भरवशावर टाकून चालणार नाही. पण दोन षटकांत जोडी फोडणारा आणि खाली येऊन दांडपट्टा फिरवणारा गडी म्हणून? २ कोटी स्वस्त आहेत. ४ मागितले असते तर मी ‘नको’ म्हटलं असतं.

एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या प्लेसमेंटच्या रांगेतल्यांनी टिपून ठेवावी. लिलावात शार्दूलला शून्य भाव आला, तेव्हा त्याच्या हातात होती रणजी. तीच त्यानं मनापासून खेळली.