टवका, फॉल्ट आणि गालबोट

टीव्ही लावला की दर दहा मिनिटांनी एक मुलगी आरशापुढे येते आणि सांगते, की अमुक क्रीम लावा, तुमची स्किन 'फ्लॉलेस' होईल. परवा आमच्या गल्लीतल्या पार्लरच्या काचेवरही हाच शब्द दिसला, मराठीत लिहिलेला. 'फ्लॉलेस ब्रायडल मेकअप'. तालुक्याच्या गावी मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे असा एखादा शब्द दिसला, की तो सोलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घेवड्याच्या शेंगेचं टोक मोडून दोरा ओढतो ना आपण, तसं.

फ्लॉ म्हणजे खोट, उणीव. शब्दकोश एवढं सांगून मोकळा होतो. पण मैत्रिणींनो, हा शब्द जन्माला आला तेव्हा त्याच्यात खोट नव्हतीच!

हजार-अकराशे वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणून ओळखतो, जहाजं घेऊन इंग्लंडवर चालून गेले. आधी लुटालूट केली, मग कित्येकजण तिथेच जमीन कसत राहिले. शेजारपाजार आला, सोयरिकी झाल्या आणि त्यांच्या बोलीतले शब्द इंग्रजीत मुरले. विंडो, नाइफ, एग, स्कर्ट, एवढंच काय, हजबंडसुद्धा तिकडूनच आला. (विंडो म्हणजे मुळात 'वाऱ्याचा डोळा'. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.) तर त्या लोकांच्या भाषेत 'फ्लागा' म्हणजे दगडाची लादी, दगडाचा थर. फ्लॉ तिथूनच आला असं अभ्यासक मानतात. अंगणात घालायच्या दगडी फरशीला इंग्रजीत फ्लॅगस्टोन म्हणतात, तो याचाच भाऊ. आपली शहाबादी फरशी डोळ्यांपुढे आणा. ती कशी थराथरांनी निघते, आणि कडेला वरवंटा पडला की तिची ढलपी उडते. ती ढलपी म्हणजे फ्लॉ.

चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द बर्फाच्या कणाला वापरलेला आढळतो, विस्तवाच्या ठिणगीलाही. कशापासून तरी सुटून आलेला बारीक तुकडा, एवढाच अर्थ. मग लोकांची नजर हळूहळू उडालेल्या टवक्यावरून त्या जागी उरलेल्या खाचेवर गेली असावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फ्लॉ म्हणजे तडा, उणेपणा, आणि माणसाच्या स्वभावातला दोषसुद्धा, असा अर्थ रूढ झाला. मला ही गोष्ट मोठी बोलकी वाटते. कपाचा टवका उडाला की आपणही टवका कुठे पडला ते शोधत बसत नाही. आपल्याला कपच तेवढा दिसतो, तो पाहुण्यांसमोर ठेवता येणार नाही म्हणून.

आणि गंमत बघा, 'स्किन' हाही व्हायकिंगांचाच शब्द! त्यांच्याकडे तो जनावराच्या कातड्याला होता. म्हणजे फ्लॉलेस स्किन म्हणजे मुळातून पाहिलं तर टवके न उडालेलं कातडं. पार्लरवाल्या ताईंना हे सांगायचा मोह मी आवरला.

शेक्सपिअरच्या काळात या शब्दाचे जुने आणि नवे अर्थ एकाच घरात नांदत होते. त्याच्या 'किंग लिअर'मधला म्हातारा राजा मुलींनी दाराबाहेर काढल्यावर म्हणतो, की मी रडणार नाही, त्याआधी या हृदयाचे लाख तुकडे होतील. तिथे 'तुकडे' म्हणायला त्याने वापरलेला शब्द आहे फ्लॉज. लिअर आपल्याला परका नाही. वि. वा. शिरवाडकरांनी त्याच गोष्टीची प्रेरणा घेऊन 1970 साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आणलं, आणि आप्पासाहेब बेलवलकरांसाठी आपल्या आई-आज्यांनी पदर ओले केले. त्याच शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये मात्र फ्लॉ म्हणजे थंडीतल्या वाऱ्याचा झोत. तो खलाशांचा शब्द, उच्चार तोच, पण मूळ बहुधा वेगळं.

आता जरा अवघड जागेकडे येते. 1714 साली अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने आपलं एक विनोदी काव्य वाढवून पुन्हा छापलं. एका सरदाराने एका तरुणीची केसांची बट कापली आणि त्यावरून दोन घराण्यांत बिनसलं, असा खरा घडलेला प्रसंग त्याच्यामागे होता. त्या काव्यात एका ठिकाणी काळजी व्यक्त केली आहे, की आज काय अनर्थ होणार कोण जाणे. एखादी मुलगी शील गमावेल, की चिनी मातीच्या नाजूक बरणीला फ्लॉ जाईल! दोन्ही गोष्टी एकाच दमात. पोपला हसायचं होतं ते त्या उच्चभ्रू समाजाला, ज्याला मुलीची अब्रू आणि दिवाणखान्यातली बरणी सारख्याच मोलाची वाटत होती. पण वाचताना मला आपल्याकडचं 'मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं' आठवतं, आणि हसू येत नाही. आपण ते विनोदाने म्हणत नाही, अगदी गंभीरपणे म्हणतो. वयात आलेल्या मुलीला म्हणतो. मुलाला कुणी भांडं म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

हा पोप स्वतः लहानपणी हाडांच्या क्षयाने आजारी पडलेला. पाठीला कुबड आलं, उंची साडेचार फुटांच्या आसपासच राहिली. त्याच्या कवितेला उत्तर देता आलं नाही, की विरोधक त्याच्या पाठीवर लिहायचे. तडा गेलेल्या बरणीबद्दल लिहिणाऱ्या माणसाला लोक कसं बघत असतील, याचा विचार मी वर्गात कधी बोलून दाखवला नाही, पण मनात येतो.

फ्लॉलेस या शब्दाची काटेकोर व्याख्या मात्र मला कवींकडे नाही, हिऱ्यांच्या बाजारात सापडली. अमेरिकेत 1931 साली 'जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' ही संस्था निघाली, आणि 1950च्या दशकात तिने हिऱ्यांची प्रतवारी ठरवून दिली. सर्वांत वरची पायरी फ्लॉलेस. त्याचा अर्थ काय? तर जाणकार माणसाने दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं, तरी आत किंवा वर काही दिसू नये. बस्स! अकरापटीने दिसलं तर काय, याचा प्रश्न नाही. त्या प्रतवारीत सर्वांत खालच्या पायरीला आधी 'इम्पर्फेक्ट' म्हणत. 1990च्या दशकात ते बदलून 'इन्क्लुडेड' केलं. म्हणजे अपुरा नव्हे, फक्त आत काहीतरी असलेला. हिरा तोच, डाग तोच. पण साखरपुड्याच्या अंगठीवर 'अपुरा' लिहिलेलं कोण विकत घेईल? पाचूची तर आणखीच मजा. त्याच्या आत जाळं असतंच, म्हणून फ्रेंच लोक त्या जाळ्याला 'जार्दँ' म्हणतात. जार्दँ म्हणजे बाग. व्यापारी लोकांना शब्दाचं मोल बरोबर कळतं.

आपल्या जुन्या रत्नशास्त्रातही हिऱ्याचे दोष मोजलेले आहेत. बिंदू, रेखा, काकपद. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण. शाळेत शिकलेलं काकपद आठवतंय का? लिहिताना एखादा शब्द राहून गेला, की ओळीखाली जी छोटी खूण करून आपण तो वर लिहितो, ती. एकच नाव, हिऱ्यात दोषाचं आणि वहीत दुरुस्तीचं.

मघापासून मी फ्लॉ-फ्लॉ करतेय, पण घरात आपण वापरतो तो फॉल्ट. 'लाइन गेलीय, वायरमन फॉल्ट शोधतोय' हे पावसाळ्यात आपलं रोजचं वाक्य. हा शब्द फ्रेंचांकडून आलेला. पूर्वी इंग्रज त्यातल्या 'ल'चा उच्चार करतच नसत, 'फॉट' म्हणत. पुढे पंडितांना शोध लागला की मूळ लॅटिन शब्दात 'ल' आहे, म्हणून त्यांनी तो स्पेलिंगमध्ये घुसवला, आणि लिहिलेलं वाचता वाचता लोक म्हणायलाही लागले. उणेपणा दाखवणाऱ्या शब्दातच काहीतरी उणं आहे असं पंडितांना वाटावं!

याच फॉल्टचं भावंडं डिफॉल्ट. बचत गटात हप्ता थकला की बाईच्या नावापुढे 'डिफॉल्टर' लागतं, आणि ती चार दिवस गल्लीतून मान खाली घालून जाते. तोच शब्द तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये निवांत बसलेला असतो. 'डिफॉल्ट सेटिंग' म्हणजे आपण काहीच निवड केली नाही, तर जे आपोआप राहतं ते. एकीकडे नाक कापलं जातं, दुसरीकडे शब्दाला कसला म्हणून वास नाही.

पण फॉल्टमध्ये एक गाठ आहे, आणि ती आपल्या 'दोष' या शब्दातही आहे. मशिनमध्ये दोष आहे, म्हणजे बिघाड आहे. पण तुझा दोष आहे, म्हणजे तू गुन्हेगार आहेस. बिघाड आणि ठपका, दोन्हींना शब्द एकच. ही गाठ किती छळते, ते मला गेल्या वर्षी कळलं.

माझ्या नणंदेच्या सुनेला माहेरी मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, पुढच्या तपासण्या झाल्या, आणि कागदावर आलं की हृदयाच्या पडद्यात 'डिफेक्ट' आहे. छिद्र आहे. बातमी सासरी पोचेपर्यंत तिचं रूप बदललं. 'पोरीत दोष आहे.' आणि पुढच्या दोन दिवसांत, 'हिचंच काहीतरी चुकलं असणार.' ग्रहणात बाहेर पडली होती का, पपई खाल्ली होती का, इथपासून चौकशी. एका बाईंनी तर पाळण्यापाशी उभं राहून 'डिफेक्टिव्ह पीस' असे शब्द काढले. साडीच्या दुकानात म्हणतात ना, तसे.

रात्री त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "मामी, तुम्ही इंग्रजी शिकवता ना. डिफेक्ट म्हणजे नक्की काय हो?"

मी तिला जे सांगितलं, ते इथेही सांगते. लॅटिनमध्ये 'फाचेरे' म्हणजे करणं. काम पुरं झालं की पर्फेक्ट, शेवटाला नेलेलं. ते कमी पडलं, अपुरं राहिलं, की डिफेक्ट. त्याच मुळापासून डेफिशिअन्सी, म्हणजे रक्तात लोह कमी पडतं ती. त्यात कुणी काय केलं, कुणाला शिक्षा द्यायची, असं काही नाही. आणि तिच्या लेकीच्या बाबतीत शब्द अक्षरशः खरा होता. पोटात हृदय तयार होताना दोन कप्प्यांमधली भिंत दोन्हीकडून वाढत येते आणि मिटते. गर्भ दोन महिन्यांचा होईतो हे काम उरकतं, जेव्हा कित्येक बायकांना दिवस गेलेत हे नुकतं कुठे कळलेलं असतं. हिच्या बाळाची भिंत थोडी बांधायची राहिली. डॉक्टर रिपोर्टात डिफेक्ट लिहितात, फॉल्ट कधीच लिहीत नाहीत. "तुझा रिपोर्ट परत वाच," मी म्हटलं, "त्यात तुझं नाव फक्त आईच्या रकान्यात आहे."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "हे तुम्ही आत्याबाईंनाही सांगाल का?" सांगितलं. एका फोनवर भागलं नाही, तीन करावे लागले, आणि तिसऱ्यात आवाजही चढला.

सरकारची शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीची योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच तिची सुरुवात झाली. जन्मतः असलेले डिफेक्ट, डेफिशिअन्सी, आजार आणि वाढीतला उशीर, इंग्रजीत चारही शब्द 'डी'ने सुरू होतात, आणि त्या चारांसाठी मुलं तपासली जातात. गाडी अंगणवाडीत आली की काही आया मुलांना घरीच ठेवतात, असं आमच्याकडच्या सेविका सांगतात. कारण विचारलं तर म्हणतात, उगाच काहीतरी दोष निघायचा. यंत्र भीतीदायक नाही, सुई नाही. शब्द भीतीदायक आहे. नुसता शब्द बदलून भागतं असंही मी म्हणत नाही. 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं, तरी आमच्याकडच्या कित्येक कचेऱ्यांच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच उंच आहेत.

आणखी एक शब्द राहिला, गालबोट. वर्तमानपत्रांत तो नेहमी वाईट बातमीत येतो. मिरवणुकीला गालबोट, सामन्याला गालबोट. पण ज्या बाईने पहिल्यांदा काजळाचं बोट बाळाच्या गालाला लावलं, तिला काही बिघडवायचं नव्हतं. तिने मुद्दाम एक डाग दिला, लेकरू जपायला. एवढ्या प्रेमाच्या शब्दाची बातमीदारांनी दंगलीशी सोयरीक कशी लावली, देव जाणे. दृष्टबिष्ट मी मानत नाही. काजळ डोळ्यांत घालू नका हे डॉक्टरांचं सांगणंही मला पटतं. पण गालावरची तीट मला आवडते.

सहा महिन्यांनी नातीच्या तपासणीला मी बरोबर गेले होते. लहान छिद्रं बरीचशी आपोआप बुजतात, हिचंही आधीपेक्षा बारीक झालंय, पुन्हा दाखवायला आणा, असं डॉक्टर म्हणाले. छातीवर जेली लावून यंत्र फिरवताना पोरगी हातपाय झाडत होती. तिच्या गालावर रुपयाएवढी वेडीवाकडी तीट होती. सिस्टर हसून म्हणाल्या, "अहो, केवढी लावलीत ही!"

आमची सूनबाई गंभीरपणे म्हणाली, "वेटिंग रूममध्ये फार बायका होत्या सिस्टर, सगळ्या हिच्याकडेच बघत होत्या."