देवतांचे तीन वर्ग

घरच्या देवाचे नाव विचारता एका विद्यार्थ्याने तीन नावे सांगितली आणि वर्गात हशा पिकला. वस्तुतः त्याचे उत्तर योग्यच होते. 'देव' हा शब्द 'दिव्' म्हणजे प्रकाशणे या धातूपासून झाला. यास्काचार्यांनी निरुक्तात स्थानावरून देवतांचे तीन वर्ग केले: पृथ्वीवर अग्नी, अंतरिक्षात वायू अथवा इंद्र, द्युलोकी सूर्य. आपल्या मावळात मात्र भक्ताच्या नात्यावरून वर्ग पडतात. गाव राखणारे ते ग्रामदैवत, वंशपरंपरेने आलेले ते कुलदैवत, स्वतः मनाने वरिलेले ते इष्टदैवत. कार्ल्याची एकवीरा पुष्कळ कोळी घराण्यांची कुलदेवता. म्हणूनच चैत्रात समुद्रकाठचे कोळी घाट चढून तिच्या दर्शनास येतात. विद्यार्थीहो, त्या मुलाच्या तीन नावांत त्याचे गाव, कूळ व मन सामावले होते. शेजाऱ्याच्या श्रद्धेस हसण्यापूर्वी तिचा अर्थ पुसावा, हे बरे.