गिरणीच्या दारातले गाणे

ग्वाल्हेरचे गाणे म्हटले की नावे ओळीने येतात. हद्दू-हस्सू खाँ, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी काढलेले विद्यालय, 1918 साली भातखंड्यांच्या प्रेरणेने उघडलेले माधव संगीत महाविद्यालय. गुरू, शिष्य, शिष्याचा शिष्य. त्याच शहरात 1921 साली घनश्यामदास बिर्लांनी जियाजीराव कॉटन मिल उभी केली. तिच्याभोवती बिर्लानगर वसले आणि 1990च्या दशकात गिरणीचा भोंगा थांबला. घराण्याच्या इतिहासात या वस्तीला जागा नाही. यात कोणाचे कारस्थान नाही. संगीताचा इतिहास आपण वंशावळीसारखा लिहितो, आणि वंशावळीत जागा मिळायला आधी टिकावे लागते. पाळी संपल्यावर चार जण जमले, काही वर्षे गायले आणि पांगले, तर त्यांची नोंद करायला आपल्याकडे रकानाच नाही. तो रकाना हवा, एवढेच येथे मांडायचे आहे. त्यासाठीचा पुरावा मात्र ग्वाल्हेरहून उठून मुंबईच्या गिरणगावात शोधावा लागतो.

1944 साली तेथे लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊ वाटेगावचे, शाळेत दीडच दिवस गेलेले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. कम्युनिस्ट चळवळीने त्यांना एकत्र आणले. स्तालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा, बंगालच्या दुष्काळावर पोवाडा, 1946च्या अमळनेरच्या गोळीबारावर पोवाडा. विषय वर्तमानपत्रातून उचललेला आणि शिळा होण्याआधी लोकांत पोचवलेला. एरवी पथकाची अधिकृत हकीकत म्हणजे सभा, संप आणि अटकांची जंत्री आहे, ती चळवळीच्या पुस्तकांत सापडते. तिच्यापेक्षा लक्ष वेधून घेते ती त्यांच्या गाण्याची यंत्रणा.

पोवाड्यात शाहीर एकटा गात नाही. मागे झीलकरी उभे असतात. शाहिराच्या ओळीचे शेपूट ते उचलतात, ‘जी जी’ म्हणत लांबवतात, आणि तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवायला सवड मिळते, ऐकणाऱ्याला मागची ओळ पचवता येते. डफ, तुणतुणे, झांज. सगळे खांद्यावर मारून चालता येण्याजोगे. पाळी सुटताना गिरणीच्या दारात माणसांचा लोंढा बाहेर पडतो, कोणाला खाणावळ गाठायची असते, कोणाला पाण्याचा नळ. अशा चालत्या माणसाचा पाय थांबवायचा तर पहिल्या दोन ओळींतच गाणे पकडीत आले पाहिजे. ख्यालाच्या विलंबित आलापीला हे काम जमणार नाही, तो तिचा दोषही नाही. झीलची रचना मात्र जणू याच कामासाठी केल्यासारखी बसते, कारण ऐकणारा तिसऱ्या कडव्यापर्यंत स्वतःच झीलकरी झालेला असतो.

तमाशाच्या बाबतीत पथकाने याहून धीट कारागिरी केली. जुन्या तमाशात आधी गण, मग गौळण, मग वग. अण्णाभाऊंनी गणातला गणपती काढून तेथे मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन ठेवले, कृष्णाने अडवलेल्या गवळणींना रजा दिली, आणि सोंगाड्याला मात्र हात लावला नाही. उलट सावकार, शेटजी, निवडणुकीतला उमेदवार हे सारे त्याच्या तोंडी दिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यातलीच. गिरणीच्या भाषेत मागाला साचा म्हणतात आणि मागखात्याला साचाखाते. या मंडळींनी केले ते नेमके तेच: साचा जुना ठेवला आणि त्यावर चढवलेले सूत बदलले. सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा याच ऐवजाला लोकनाट्य हे नाव मिळाले, आणि पुढे ते नाव पांढरपेशा रंगभूमीनेही आनंदाने वापरले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा पक्षाचा प्रचार, याला कला कशाला म्हणायचे? प्रचार होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही, आणि स्तालिनच्या नावाचा जयघोष आज घशाखाली उतरत नाही हेही खरे. पण राजदरबारातले गाणेही कोणाच्या तरी स्तुतीवर आणि पगारावर वाढले; त्यामुळे त्यातला सूर खोटा ठरला नाही. शिवाय अण्णाभाऊंची सर्वांत लोकप्रिय रचना पाहा, ‘माझी मैना गावावर राहिली’. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली ही छक्कड मुंबईला पोटासाठी आलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या माणसाची आहे. सीमाभागाचे दुःख तिच्यात येते ते या विरहाच्या आडून. घोषणा आधी आणि भावना मागाहून चिकटवलेली, असे तिच्यात झालेले नाही.

येथे एक दूरची तुलना करायचा मोह होतो. वॉशिंग्टनमध्ये 1984 साली ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ नावाचा बँड निघाला आणि 1986च्या सुरुवातीला मोडला. मोजके कार्यक्रम, तेही बहुतेक घरच्याच शहरात, आणि एक अल्बम. तरी रागीट पंक संगीतात उघडी व्याकुळता आणणाऱ्या ‘इमो’ या प्रकाराचा उगम अभ्यासक तेथेच दाखवतात. बँडमधल्यांना ते बिरुद कधीच आवडले नाही. अमेरिकी उपनगरातल्या पोरांची घालमेल आणि गिरणी कामगाराची ताटातूट एका तागडीत कशी घालता, असे कोणी विचारील. दुःखे घालायची नाहीतच, फक्त आयुर्मान घालायचे आहे. दोन्हीकडे गट अल्पायुषी निघाला आणि त्याने घडवलेला साचा इतरांच्या हाती गेला. भावगीत हा शब्द घराघरांत नेणाऱ्या मराठी माणसाला ‘इमो’ या शब्दाचे नवल वाटायला नको. आपण तो शब्द मवाळ, पेटीच्या साथीच्या गाण्यासाठी राखून ठेवला आणि डफावरच्या भावनेला ‘पहाडी’ म्हणून वेगळे बसवले, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अण्णाभाऊंसारखा माणूस पथक नसते तरी लिहिताच राहिला असता. मग श्रेय पथकाला का? ‘फकिरा’बद्दल हे मान्य करता येईल, कादंबरी एकट्याने लिहिता येते. पोवाडा आणि वग मात्र एकट्याने होत नाहीत. अमर शेखांचा आवाज समोर धरूनच ओळीची लांबी ठरते, झीलकऱ्यांचा दम पाहून कडवे तुटते. 1950च्या दशकात संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठांवर तिघेही होते, पण तोवर पथकाचे नाव मागे पडून शाहिरांची नावे पुढे आली होती. अटका, भूमिगत दिवस, पक्षातले ताण यांत असा गट अभंग राहणे कठीणच होते. जो संपाच्या गरजेतून जन्मतो त्याचे पोट संपावरच चालते. 18 जुलै 1969 रोजी अण्णाभाऊ गेले आणि सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

आता अडचण अशी की छापील पुस्तकात उरतो तो शब्द. झील किती लांबवायची, सोंगाड्याने कोठे थांबून गिरणीच्या मॅनेजरची नक्कल घुसवायची, डफ कोठे बंद ठेवायचा, हे संहितेत नसते. घराण्याने हीच गोष्ट तालमीतून जपली: पुस्तकात न मावणारे गुरूच्या समोर बसून घ्यायचे. पथकापाशी अशी तालीम चालवायला ना बैठक होती, ना वर्षे. म्हणजे टिकाऊ संस्थेची बाजू येथे खरीच वरचढ ठरते, आणि ती मान्य केल्याशिवाय अल्पायुषी गटांची वकिली करणे हा ढोंगीपणा होईल. 1982चा संप लागला आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्याही एकेक करून बंद पडत गेल्या. परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. डफ अजून वाजतो, शाहिरी स्पर्धाही होतात, पण पाळी सुटल्यावर बाहेर पडणारा आणि दोन ओळींत थांबवावा लागणारा तो लोंढा आता परळच्या दारात नाही, आणि बिर्लानगरच्याही नाही.