तारापूरचे पोलाद आणि शुद्ध पाणी

धातूची ताकद चाचणीच्या यंत्रावर एक असते आणि वर्षानुवर्षे पाणी, उष्णता व ताण सोसल्यावर दुसरी. जव्हार-मोखाड्याच्या पावसात हे घरावरच्या पत्र्यावर दिसते. जस्ताचा थर झिजतो आणि खिळ्याच्या भोकाभोवती, कापलेल्या कडेला तांबूस गंज आधी धरतो. हा गंज निदान दिसतो तरी. 2014 साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या याच पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरला, सहज न दिसणाऱ्या हानीचा इतिहास अर्धशतकाहून जुना आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे तंत्रज्ञान, क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होते, म्हणून अणुभट्टीच्या पात्राच्या पोलादाचे नमुने आत ठेवून पुढे ते तोडून तपासण्याची सोय होती. डोकेदुखी मात्र नळ्यांनी केली. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, जनित्रे वापरातून काढावी लागली आणि 1980 च्या दशकाच्या मध्यावर क्षमता 160 मेगावॉटवर आली.

मोठ्या पाइपांचा प्रश्न याहून चिवट. 1974 मध्ये अमेरिकेतील अशाच अणुभट्ट्यांच्या पाइपांत जोडाजवळ भेगा सापडल्या, तेव्हा समुद्राचे खारे पाणी सोडाच, अतिशुद्ध पाणीही स्टेनलेस स्टीलला भेगा पाडायला पुरते हे ध्यानात आले. वेल्डिंग करताना जोडालगतचा पट्टा 500 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तेथे कार्बन क्रोमियमला ओढून घेतो, त्यामुळे धातूच्या कणांच्या सीमेवरचे क्रोमियम कमी होते आणि गंजरोधकता तेवढ्याच चिंचोळ्या रेषेत संपते. जोड थंड होताना मागे राहिलेला ताण आणि सुमारे 285 अंशांच्या पाण्यातला किंचित विरघळलेला ऑक्सिजन त्यात मिळाला की भेग कणांच्या सीमांवरून पुढे सरकते. तिन्हींपैकी एक काढून घेतले तर भेगेला वाव उरत नाही. पाइप बाहेरून चकचकीत, जाडी पूर्ण, भारही ठरलेल्या मर्यादेतला. म्हणून भेग शोधायला ध्वनिलहरींची तपासणी लागते, आणि जाड जोडांत तीही सोपी नाही.

उपाय याच तीन गोष्टींवर बेतले गेले: कार्बन अत्यल्प असलेले पोलाद, जोडांतील ताण घटवणे आणि पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करणे. तारापूरच्या दोन्ही जुन्या अणुभट्ट्या 2020 मध्ये थांबवून पाणी फिरवणाऱ्या प्रणालीचे पाइप बदलण्याचे काम हाती घेण्यात आले.