गाडी बदलण्याची किंमत

वर्ध्याला येऊ घातलेल्या पाहुण्याला यजमान एक प्रश्न हटकून विचारतो: "उतरणार कुठे? वर्ध्याला की सेवाग्रामला?" मुंबई-हावडा मार्गाने येणारा बहुधा वर्धा स्थानकावर उतरतो, दिल्लीहून किंवा चेन्नईहून येणारा सेवाग्रामला. गाव एक आणि स्थानके दोन, यात गावकऱ्याला काही वावगे वाटत नाही. या दोन स्थानकांमधील तीनएक किलोमीटरचे अंतर त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु मुंबईकडून येऊन बल्लारशाकडे अथवा चेन्नईकडे जाऊ पाहणाऱ्या प्रवाशाला हे अंतर तीन किलोमीटरचे राहत नाही. मध्यरात्री, मुलाबाळांसह, ट्रंका-वळकट्या घेऊन ज्याला ते ओलांडावे लागते, त्याच्या दृष्टीने साऱ्या प्रवासातील तोच सर्वांत लांबचा पल्ला ठरतो.

नकाशावर पाहिले तर वर्धा हे देशातील एक मोक्याचे ठिकाण आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन महामार्ग नागपूरपासून येथवर एकत्र येतात आणि येथे फाटे फुटून वेगळे होतात. अशा ठिकाणाचे खरे मोल तेथून किती गाड्या धडधडत निघून जातात यावर ठरत नाही; तेथे माणसाला एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत किती सुखाने बसता येते यावर ठरते. या कसोटीवर वर्ध्याचे स्थान तपासून पाहिले पाहिजे.

इतिहासाने घातलेली गाठ

वर्धा शहराचा आणि रेल्वेचा जन्म जवळजवळ जुळ्या भावंडांसारखा. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. त्याचे मुख्य ठिकाण प्रथम पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडीच्या जागी नवे शहर वसविण्यात आले आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी नागपूरला पोचली. पुढे हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा यांच्या ओढीने दक्षिणेकडे फाटा काढण्यात आला. १९२९ च्या सुमारास बल्लारशा-काझीपेठ हा दुवा जोडला गेला आणि कोळशासाठी घातलेला तो फाटा दिल्ली-मद्रास या महामार्गाचा भाग होऊन बसला.

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेली गाडी वर्धा स्थानकात आणायची तर तिचे तोंड फिरवावे लागते. म्हणून ती शहराबाहेरूनच वळते आणि त्या वळणाजवळचे स्थानक म्हणजे पूर्वीचे वर्धा पूर्व व आजचे सेवाग्राम. रुळांचा एक त्रिकोण तयार झाला. त्याची प्रत्येक बाजू गाडीच्या सोयीची आहे. प्रवाशाची सोय मात्र त्या त्रिकोणाच्या बाहेर राहिली.

सेवाग्राम या नावामागेही एका गोंधळाची कथा आहे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्यांची टपाले बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली आणि शेगावचीही इकडे येऊ लागली. अखेर १९४० साली खेड्याचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. टपालातील या चुकीची किंमत कोणाच्याही जमाखर्चात मांडलेली नव्हती; तरी ती किंमत होतीच. उपाय बिनखर्ची होता आणि तो करण्यात आला. एवढे साधे व्यवहारज्ञान रेल्वेच्या बाबतीत मात्र अभावानेच आढळते.

जमाखर्चाबाहेरचा खर्च

फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४४ साली सार्वजनिक बांधकामांच्या उपयुक्ततेविषयी एक मूलगामी विचार मांडला. पुलाचा समाजाला होणारा लाभ त्यावर गोळा होणाऱ्या जकातीएवढाच नसतो. कितीतरी लाभ जकातीच्या हिशेबात येतच नाही, असे त्याचे म्हणणे. याच विचाराची दुसरी बाजू अशी की, पूल नसल्यामुळे होणारी हानीही कोणाच्या वहीत लिहिली जात नाही. दोन गाड्यांमधील जोड नसल्याने प्रवाशाला सोसावा लागणारा खर्च हा याच जातीचा आहे.

वाहतुकीच्या अर्थशास्त्रात प्रवासाची किंमत केवळ तिकिटाच्या पैशांत मोजत नाहीत. त्यात वेळ धरतात आणि तोही सरसकट एका मापाने धरत नाहीत. गाडीत बसून गेलेल्या तासापेक्षा चालण्यात आणि ताटकळण्यात गेलेला तास जड मानला जातो. सामान्यतः त्याचे मोल दीडपट ते दुप्पट धरतात. याखेरीज गाडी चुकण्याची धास्ती, जागा मिळेल की नाही याची विवंचना, अनोळखी ठिकाणी रिक्षावाल्याची करावी लागणारी मनधरणी यांचा भार वेगळाच. रेल्वेने गाडीचा वेग वाढवून वीस मिनिटे वाचविली, तर त्याची जाहिरात होते. तीच वीस मिनिटे, किंबहुना त्याच्या अनेकपट वेळ, स्थानक बदलण्यात वाया गेला, तर त्याची नोंदही होत नाही.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला दोन स्थानकांचा प्रश्नच पडत नाही. प्रश्न पडतो तो सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आजारी माणसाला घेऊन येणाऱ्या शेतमजुराला. प्रश्न पडतो तो हिंगणघाट-चंद्रपूरकडून मुंबईला कामासाठी निघालेल्या तरुणाला आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनीला. सार्वजनिक व्यवस्थेतील उणीव ही एक प्रकारची करआकारणीच असते. फरक इतकाच की, हा कर गरिबाकडून अधिक दराने वसूल होतो आणि तिजोरीत मात्र एक पैही जमा होत नाही.

हाँगकाँगची जोडस्थानके

दोन मार्ग आणि दोन स्थानके ही अडचण वर्ध्यापुरतीच आहे असे नाही. मात्र अन्यत्र ती कशी हाताळली गेली हे पाहणे उद्बोधक ठरेल. हाँगकाँग शहरात भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग १९७९ साली सुरू झाला आणि दुसरा १९८२ साली. हे दोन मार्ग काही अंतर शेजारून धावतात. त्या पट्ट्यात मोंगकोक आणि प्रिन्स एडवर्ड अशी दोन भुयारी स्थानके एकापाठोपाठ एक आहेत. दोन्हींत फलाट दोन मजल्यांवर आहेत आणि प्रत्येक फलाटाच्या एका बाजूला एका मार्गाची, तर दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मार्गाची गाडी उभी राहते.

खरी खुबी यापुढेच आहे. मोंगकोकला एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्या फलाटाच्या दोन बाजूंना येतात. म्हणून पुढे जाऊ इच्छिणारा तेथे उतरून समोरच्या गाडीत बसतो. प्रिन्स एडवर्डला उलट दिशांच्या गाड्या समोरासमोर येतात. म्हणून ज्याला दुसऱ्या मार्गाने माघारी वळायचे आहे तो तेथे उतरतो. कोणत्याही दिशेने जाणाऱ्याला जिना चढावा लागत नाही. फलाटाची रुंदी ओलांडली की काम झाले. एका स्थानकाने जे साधले नसते ते दोन स्थानकांनी मिळून साधले. दोन स्थानके असणे हा दोष नव्हे, त्यांचा एकत्र विचार न होणे हा दोष आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

चीनमधील प्रत्येक शहराने असेच केले असे मात्र नाही. बीजिंगच्या शीझिमेन येथे १९८४ सालचा भुयारी मार्ग आणि २००२ सालचा जमिनीवरून धावणारा मार्ग एकमेकांना भेटतात. पण तेथील गाडीबदल लांबलचक चालीसाठीच कुप्रसिद्ध झाला. शांघायच्या पीपल्स स्क्वेअर स्थानकात २००७ साली तिसरा मार्ग आला, तेव्हा तिन्ही मार्गांना जोडणारे मोठे भुयारी दालन बांधून आधीची अडचण दूर करावी लागली. सारांश, जोडणीचा विचार आरंभी केला तर ती स्वस्त पडते आणि मागाहून केला तर महाग. न केला, तर तिची किंमत प्रवासी रोज चुकवीत राहतात.

आपल्याकडील धडे

ती किंमत कधी कधी प्राणांनी चुकवावी लागते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मेली. एल्फिन्स्टन रोड (आजचे प्रभादेवी) पश्चिम रेल्वेचे आणि लगतचे परळ मध्य रेल्वेचे. दोन प्रशासनांच्या मधल्या त्या पुलावरून हजारो माणसे रोज ये-जा करीत. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी तेथे नवा पूल उभारला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. म्हणजे काम काही महिन्यांचे होते. त्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

याच्या उलट उदाहरण दादरचे. तेथे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट एक, दोन, तीन असेच मोजले जात आणि नवख्याची हमखास फसगत होई. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक दिले. सेगावचे सेवाग्राम झाले त्याच जातीची ही सुधारणा: पाट्या आणि थोडे शहाणपण, एवढेच तिचे भांडवल. पुण्याला सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्थानकात सुमारे ३३ मीटर खोलीवरचा भुयारी मार्ग आणि वरचा उन्नत मार्ग १ ऑगस्ट २०२३ पासून एकाच संकुलात जोडलेले आहेत. नागपूरच्या सीताबर्डीला दोन उन्नत मार्ग एका छताखाली येतात. नव्या बांधणीत जोडणीचे महत्त्व आपल्या नियोजकांना उमगले आहे. जुन्या बांधणीला ते शहाणपण अद्याप लागू व्हायचे आहे.

जोडणीची उपेक्षा केल्याने एखादा मार्गच कसा मरतो याचा दाखला तर जिल्ह्यातच आहे. पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे १९१७ साली सुरू झाली. रुंदी वेगळी असल्याने आर्वीचा माल पुलगावला उतरवून हमालांकरवी मोठ्या रेल्वेच्या डब्यांत पुन्हा चढवावा लागे. ३५ किलोमीटरच्या प्रवासासाठी ही दुहेरी चढ-उतार कोण सोसणार? रस्त्यावर मालमोटार आली आणि तिने आर्वीच्या दारातून माल उचलला. छोटी गाडी हळू होती म्हणून हरली असे म्हणतात. वस्तुतः पुलगावच्या फलाटावर पडणाऱ्या खर्चानेही तिचा बराचसा पराभव केला होता.

तिसरा मार्ग येत असताना

हा विचार आजच करण्याचे कारण आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. देवळी-कळंब या भागाला प्रथमच मोठी रेल्वे मिळाली. हा मार्ग नांदेडपर्यंत पोचेल तेव्हा मराठवाड्याचा प्रवासीही वर्ध्याला उतरेल आणि त्यातील अनेकांना सेवाग्राम गाठावे लागेल. आज जी अडचण दोन मार्गांची आहे ती उद्या तीन मार्गांची होईल. इकडे ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेखाली देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली आणि जिल्ह्यातील स्थानकेही या योजनेत आली आहेत. परंतु कमानी, दर्शनी भिंती आणि प्रतीक्षालये यांनी प्रत्येक स्थानक स्वतंत्रपणे सुंदर होईल. दोन स्थानकांमधला रस्ता तेवढ्याने कमी होणार नाही.

त्यासाठी वर्ध्यात भुयार खणण्याची गरज नाही. वेळापत्रक आखताना वर्धा आणि सेवाग्राम ही एकाच स्थानकाची दोन दालने आहेत असे मानले, तरी पुष्कळ काही साधेल. कळंबहून येणारी गाडी सेवाग्रामपर्यंत नेता येते का, हे पाहता येईल. महत्त्वाच्या गाड्यांच्या वेळांना जोडून, रात्रीदेखील धावणारी आणि रेल्वेच्या तिकिटावर चालणारी बस दोन स्थानकांमध्ये ठेवता येईल. रिक्षाचे ठराविक दर दोन्ही ठिकाणी ठळक लिहिता येतील. गाडी बदलणाऱ्यांसाठी मराठी, हिंदी, तेलुगू व तमिळ भाषांत पाट्या लावता येतील आणि तिकीट काढतानाच "उतरा वर्ध्याला, चढा सेवाग्रामला" अशी सूचना छापून देता येईल. यांतील बहुतेक उपायांचा खर्च एखाद्या कमानीहून अधिक नाही.

मुंबईत दोन रेल्वेंमध्ये जबाबदारी वाटली गेली, ही सबब निदान सांगता येत होती. वर्ध्याला तीही उपलब्ध नाही. दोन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातच आहेत. एकाच कार्यालयाने दोन पाट्यांमधले अंतर मनाने आधी ओलांडायचे आहे.

रेल्वेची प्रगती किलोमीटरांत मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. किती नवे रूळ, किती नव्या गाड्या, किती वेग, हे आकडे महत्त्वाचे खरेच. पण रुग्णाला आधार देत, पाटीवरची अक्षरे लावत, उत्तररात्री वर्ध्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांपैकी कोणताही आकडा उपयोगी पडत नाही. पुढची गाडी कुठून सुटते आणि तेथवर कसे पोचायचे, एवढेच त्याला कळायला हवे असते. त्याचे उत्तर जी व्यवस्था देऊ शकेल, तिलाच जंक्शन हे नाव शोभेल.